पांढरा वर होता तेव्हा

गिरडची टेकडी चढताना वाकून दगड उचलायचा मोह आवरत नाही. गोल, घोटीव. कुणी सुपारीएवढा, कुणी जायफळाएवढा, एखादा तर सोललेल्या नारळाएवढा. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव नागपूर आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांच्या शिवेजवळचं. टेकडीवर शेख फरीदबाबांचं ठाणं आहे. बाबांची कबर तिकडे पाकपट्टणला, आता पाकिस्तानात. इथे आहे तो त्यांच्या नावाचा चिल्ला. पण नवस बोलणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही, आणि नवस बोलणाऱ्यांत हिंदू-मुसलमान अशी मोजदाद कुणी ठेवत नाही.

दगडांची गोष्ट इथल्या कुणालाही विचारा. बैलांवर माल लादून बंजारे चालले होते. त्यांनी फकिराची टिंगल केली, आणि फकिरानं त्यांच्या गोण्यांतलं खोबरं-जायफळ जागच्या जागी दगड करून टाकलं. बंजारे पाया पडले. तेव्हा बाबांनी सुक्या पाल्यापासून त्यांना नवा माल करून दिला. मग ते पुढे गेलेच नाहीत, बाबांच्या सेवेत राहिले. टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच असं सांगतात. भूगर्भवाल्यांची गोष्ट निराळी. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत झिओलाइटसारखी खनिजं साकळत गेली, वरचा काळा खडक झिजला आणि आतले गोळे सुटे झाले.

दगड एकच, गोष्टी दोन. मी एक उचलून खिशात टाकला आणि वर चढलो.

खरं तर मी तिथे गेलो होतो झेंड्याच्या भांडणापायी. वर्ध्याला एका मित्राकडे उतरलो होतो. पंधरा ऑगस्ट आठवड्यावर आलेला. त्याची नात वहीत तिरंगा रंगवत बसली होती. तिनं विचारलं, "आजोबा, हिरवा कशाचा?" आजोबा म्हणाले, "शेतीचा." तिचा बाप आतून म्हणाला, "मुसलमानांचा. आणि भगवा आपला." आजोबा चिडले. जेवण होईपर्यंत बापलेकांची जुंपली होती. शेवटी दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जणू मी घटना समितीवर होतो. मी म्हटलं, दोघंही बरोबर आहात, फक्त सालं वेगळी आहेत. हे उत्तर कुणालाच आवडलं नाही. म्हणून हा लेख.

*

माझी स्वतःची झेंड्याची पहिली आठवण फजितीची आहे. मी सहावीत होतो. झेंडा बांधायचं काम शिपाईमामांचं, पण त्या दिवशी ते आजारी म्हणून एका नव्या मास्तरांनी बांधला. कप्पीपाशी गाठोडं छान बसलं होतं. पाहुण्यांनी दोरी ओढली, सुरगाठ सुटली, झेंडूच्या पाकळ्या खाली आल्या आणि वर हिरवा फडकला. खाली केशरी. सगळ्यांनी राष्ट्रगीत म्हणून टाकलं, कारण एकदा सुरू झालेलं राष्ट्रगीत थांबवायचं कसं हे कुणाला ठाऊक नव्हतं. नंतर मुख्याध्यापकांच्या खोलीतून बराच वेळ आवाज येत होते. आम्हां मुलांना एवढंच कळलं की वर काय आणि खाली काय याला काहीतरी भयंकर महत्त्व आहे.

ते महत्त्व किती नवं आहे हे मला फार उशिरा कळलं. कारण शंभर वर्षांपूर्वी याच मुलखात ज्या झेंड्यासाठी माणसं तुरुंगात गेली, त्यात केशरी नव्हताच. वर पांढरा होता, मध्ये हिरवा, खाली लाल. आणि तिन्ही पट्ट्यांवर मिळून एक भलामोठा चरखा.

त्याची हकीकत अशी. १९२१च्या मार्चअखेर बेजवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक होती. तिथे पिंगली वेंकय्या नावाच्या आंध्रातल्या गृहस्थांनी गांधीजींपुढे झेंड्याचा नमुना ठेवला. या माणसाला झेंड्यांचं वेडच होतं, देशोदेशीच्या झेंड्यांवर त्यांनी पुस्तक काढलं होतं. नमुन्यात लाल आणि हिरवा असे दोनच रंग होते, लाल हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा. चरखा घालावा ही सूचना जालंदरच्या लाला हंसराजांची. गांधीजींना वाटलं, मग बाकीच्यांनी काय करायचं? पारशी, ख्रिस्ती, शीख, यहुदी? म्हणून पांढरा आला. तो वर ठेवला, कारण संख्येनं जे सगळ्यांत कमी त्यांना पहिली जागा. सगळ्यांत मोठा समाज सगळ्यांत खाली, बाकीच्यांचा भार पेलायला.

म्हणजे मित्राचा मुलगा १९२१ सालापुरता बरोबर होता. फक्त 'आपला' रंग तेव्हा तळाला होता, आणि तो तिथे मुद्दाम ठेवलेला होता.

*

हा झेंडा काँग्रेसनं ठराव करून कधी रीतसर स्वीकारलाही नव्हता. तो नुसता चालीत आला. त्याला खरी मान्यता मिळाली ती नागपुरात, सरकारच्या कृपेनं. सरकारनं तो अडवला नसता तर तो सभामंडपातच राहिला असता.

१९२३चं साल मोठं मरगळीचं होतं. असहकार मागे घेतलेला, गांधीजी येरवड्याला, काँग्रेसमध्ये कौन्सिलात जावं की नको यावरून दोन तट. मार्चमध्ये जबलपूरच्या टाऊन हॉलवर हा झेंडा लावण्यावरून खटका उडाला. मग जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, १३ एप्रिलला, नागपुरात झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्सकडे निघाली. सिव्हिल लाइन्स म्हणजे साहेबांचे बंगले. पोलिसांनी मिरवणूक अडवली, लाठ्या चालवल्या. पुढे १४४ कलम लागलं. १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला. आज महाराष्ट्रभर १ मेला झेंडावंदन होतं, ते अर्थात दुसऱ्याच कारणासाठी. पण नागपूरकरांनी त्या दिवशी ही तारीखही आठवायला हरकत नाही.

या सत्याग्रहाची सूत्रं वर्ध्याच्या जमनालाल बजाजांकडे होती. पद्धत इतकी साधी की आज ऐकताना हसू येईल. रोज काही स्वयंसेवक हातात झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे चालायला लागायचे. ठरलेल्या हद्दीपाशी पोलीस त्यांना पकडायचे. दुसऱ्या दिवशी दुसरे निघायचे. बस, एवढंच. घोषणा नाही की मागण्यांची यादी नाही. मागणी एकच: आमच्या गावच्या रस्त्यावरून आम्ही आमचं कापड घेऊन चालणार. सरकारची कोंडी अशी झाली की अडवावं तर कापडाच्या तुकड्याला साम्राज्य घाबरलं असं दिसतं, आणि सोडावं तर ते कापड झेंडा ठरतं.

गुजरात, बिहार, कर्नाटक, मद्रासकडून माणसं रेल्वेनं नागपूरला यायला लागली. केवळ पकडलं जाण्यासाठी. सुभद्राकुमारी चौहान जबलपूरहून आल्या आणि पकडल्या गेल्या. १७ जूनला जमनालालजींना अटक झाली. वर्ध्याच्या आश्रमाचे तिशीच्या आतले विनोबाही त्या जूनमध्ये आत गेले, आधी नागपूरच्या आणि मग अकोल्याच्या तुरुंगात. हुबळीचे डॉक्टर नारायण सुब्बाराव हर्डीकरही आत होते. झेंडा धरून चालायलाही शिस्त लागते हे त्यांनी तुरुंगातल्या गोंधळात पाहिलं आणि त्यातूनच हिंदुस्थानी सेवा दल निघालं.

जमनालालजींना दीड वर्षाची सक्तमजुरी आणि तीन हजार रुपये दंड झाला. दंड भरायचा नाही असं त्यांचं ठरलेलं. तेव्हा सरकारनं त्यांची मोटार जप्त करून लिलावात काढली. त्या काळात नागपुरात मोटार म्हणजे केवढी अपूर्वाई. पैसेवालेही कमी नव्हते. पण बोली लावायला कुणी पुढे येईना. शेवटी ती मोटार पार काठेवाडात नेऊन विकावी लागली. सत्याग्रहातल्या मोठमोठ्या भाषणांपेक्षा मला ही न लागलेली बोली जास्त बोलकी वाटते. तुरुंगात जायची ज्यांची छाती नव्हती अशा शेटसावकारांनीही त्या दिवशी आपापल्या परीनं झेंडा धरला. हात खिशात ठेवून.

जमनालालजी आत गेल्यावर वल्लभभाई पटेल नागपूरला येऊन बसले. १८ ऑगस्टला शंभरेक स्वयंसेवकांची मिरवणूक झेंडे घेऊन सिव्हिल लाइन्समधून गेली आणि पोलीस बघत राहिले. सप्टेंबरच्या सुरुवातीला कैदी सुटले. सरकार म्हणालं, आम्ही परवानगी दिली. हे म्हणाले, आम्ही मागितलीच नव्हती. हा वाद इतिहासाच्या प्राध्यापकांसाठी सोडून देऊ. एवढं मात्र खरं की पांढरा-हिरवा-लाल पट्ट्यांचं ते कापड मे महिन्यात एका पक्षाचं होतं आणि ऑगस्टनंतर ते तेवढंच राहिलं नाही.

*

रंगांची भांडणं मात्र मिटली नाहीत. रंग जमातीचे म्हटल्यावर मिटणार कशी? शिखांनी विचारलं, आमचा पिवळा कुठाय? १९३१ला काँग्रेसनं सात जणांची झेंडा समिती नेमली. पटेल, आझाद, नेहरू, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या, आणि मराठी वाचकानं कान टवकारावेत अशी दोन नावं: काकासाहेब कालेलकर आणि तेच नागपूरच्या तुरुंगातले डॉक्टर हर्डीकर. या समितीनं काय सुचवलं ते फार थोड्यांना ठाऊक असतं. सबंध झेंडा एकाच रंगाचा, केशरी, आणि कोपऱ्यात चरखा. आझाद आणि तारासिंग बसलेल्या समितीची ही शिफारस! कारण हिशेब असा होता की रंग एकच असला की वाटणी उरत नाही.

मुंबईच्या बैठकीत ऑगस्टमध्ये ती शिफारस पडली. लोकांनी तीन रंगांच्या झेंड्यासाठी लाठ्या खाल्ल्या होत्या, तो आता बदलायचा कसा? मधला मार्ग निघाला. तीन पट्टे राहिले. लालच्या जागी केशरी आला आणि तो वर गेला, पांढरा मध्ये, हिरवा खाली, पांढऱ्यावर निळा चरखा. आणि ठरावात स्वच्छ लिहिलं गेलं की या रंगांचा कुठल्याही जमातीशी संबंध नाही. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा शांती आणि सत्याचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा.

म्हणजे कापड जवळजवळ तेच, गोष्ट नवी. गिरडच्या दगडासारखंच. १९४७च्या जुलैत घटना समितीत डॉक्टर राधाकृष्णन बोलले तेव्हा अर्थ आणखी सरकला. भगवा वैराग्याचा, पांढरा प्रकाशाचा, हिरवा मातीशी आणि तिच्यात उगवणाऱ्या हिरवाईशी असलेल्या नात्याचा. आजोबांची 'शेती' इथून आलेली. तेव्हा आजोबा १९४७चे आणि मुलगा १९२१चा. एकाच ताटावर बसून दोघं सव्वीस वर्षांच्या अंतरावरून भांडत होते.

*

गिरडहून आग्नेयेला निघालं की जिल्ह्याची हद्द ओलांडून थोड्याच वेळात चिमूर लागतं. वर्धा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पार वायव्येला, आष्टी. या दोन गावांत मोठं अंतर आहे, पण तारीख एकच: १६ ऑगस्ट १९४२. त्या दिवशी नागपंचमी होती. दोन्हीकडे लोक झेंडा घेऊन निघाले, दोन्हीकडे गोळ्या चालल्या, दोन्हीकडे पोरसवदा माणसं पडली आणि दोन्हीकडे खवळलेल्या जमावानं सरकारी माणसं मारली. चिमूरला सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर गेला. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनं हा मुलूख आधीच तापलेला होता. त्यांनाही त्याच महिन्यात पकडलं. मग फौज आली आणि चिमूरच्या बायकांवर जे अत्याचार झाले त्याची चौकशी करायलाही सरकार तयार होईना. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी त्यासाठी त्रेसष्ट दिवस उपास केला. १२ जानेवारी १९४३ला तो सुटला. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी अनसूयाबाई काळे यांनी जिवाचं रान केलं.

या प्रकरणावर गौरवाचं बरंच लिहिलं गेलं आहे. मला मात्र ते लिहिताना हात जरा आखडतो. १९२३चा झेंडा हातात घेऊन नुसतं चालायचा होता. १९४२चा ठाण्यावर चढवायचा होता. दोन्हींत एकोणीस वर्षांचं अंतर नाही, वेगळ्याच संयमाचं आहे. आष्टीला आज 'आष्टी शहीद' म्हणतात, ते योग्यच आहे. पण तिथे मेलेल्या शिपायांच्याही बायका होत्या, आणि त्या बहुधा मराठीतच रडल्या असतील.

*

चरख्याचं काय झालं ते सांगायलाच हवं, कारण वर्ध्याच्या माणसाला ते अजून बोचतं. डॉक्टर राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखालच्या झेंडा समितीत डॉक्टर आंबेडकर होते, आझाद, सरोजिनी नायडू, राजाजी होते. २२ जुलै १९४७ला नेहरूंनी ठराव मांडला. चरखा गेला, सारनाथचं अशोकचक्र आलं, चोवीस आऱ्यांचं. नेहरूंनी दिलेलं कारण अगदी शिंप्याच्या दुकानातलं वाटेल: झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. चरख्याचं चाक एका बाजूला आणि चाती दुसऱ्या बाजूला. पलीकडून बघणाऱ्याला तो उलटा दिसतो. चक्र कुठूनही बघा, सारखंच.

कारण खरं आहे, आणि तरीही ते पुरतं नाही. गांधीजी दुखावले. चरखा नसलेल्या झेंड्याला वंदन करणार नाही असं ते म्हणाले. पुढे, चक्रातही चरखा बघता येईल, असं मनाचं समाधानही करून घेतलं. ऑगस्ट १९४६मध्ये त्यांनी सेवाग्राम सोडलं होतं आणि परत ते तिथे आलेच नाहीत. बापूकुटीच्या अंगणात त्यांनी हा झेंडा पाहिला नाही. गंमत अशी की चरखा झेंड्यावरून गेला तरी झेंड्यातून गेला नाही. नियम असा झाला की राष्ट्रध्वज खादीचाच, हातानं कातलेल्या आणि हातानं विणलेल्या सुताचा. चित्र काढलं आणि काम ठेवलं. माझ्या मते हा सौदा वाईट नव्हता.

*

गिरडला वरून खाली बघितलं तर ऑगस्टात दिसते ती कपाशी. गुडघ्याएवढी, अजून फूल न धरलेली. हा हिंगणघाटचा टापू. या कापसाला एके काळी मुंबईच्या बाजारात 'हिंगणघाट' याच नावानं भाव होता. १८८१ सालापासून हिंगणघाटला कापडगिरणी होती. गांधीजी वर्ध्याला आले तेव्हा ते कापसाच्या ढिगाऱ्यात आले. गोपुरीच्या ग्रामसेवा मंडळात आजही सूत निघतं, मगनवाडीच्या मगन संग्रहालयात चरख्यांच्या पिढ्या बघायला मिळतात.

झेंड्याची खादी मात्र नेहमीची खादी नाही. भारतीय मानक संस्थेचं पहिलंवहिलं मानक, क्रमांक एक, हे झेंड्याचंच आहे. १९५१चं. सिमेंट, लोखंड, तराजू, सगळं मागून. मापं नऊ ठरलेली: मोठ्यातला मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, लहानातला लहान १५० बाय १००, तो टेबलावर लावायचा, मोटारीवरचा त्याहून एक माप मोठा. लांबी-रुंदी कायम तीनास दोन. ९०० बाय ६०० घेतला तर त्यावरचं चक्र १८५ मिलिमीटरचंच हवं, गडद निळं, पुढून-मागून नेमकं एकावर एक. सुताचा पीळ, विणीची घट्टी, रंगाची पक्की छटा, शिवणीचे टाके, सगळं तपासतात. दांड्याकडच्या कडेला जाड खादीची पांढुरकी पट्टी, तिच्यातून दोरी. एक गोष्ट चुकली तर सबंध गठ्ठा बाद.

असे झेंडे करणाऱ्या जागा देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला, आणि आपल्याकडे नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती. तिच्या झेंड्यांचं कापड उदगीरला विणलं जातं. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यात ज्या झेंड्यासाठी निजामाच्या पोलिसांचा मार खाल्ला, तो आता तिथूनच शिवून देशभर जातो.

२००२पर्यंत सामान्य माणसाला वर्षभर घरावर झेंडा लावायची मुभा नव्हती. ध्वजसंहिता बदलली आणि २००४ला सर्वोच्च न्यायालयानंही नवीन जिंदल यांच्या खटल्यात तो नागरिकाचा हक्क मानला. इथपर्यंत ठीक. डिसेंबर २०२१मध्ये संहितेत पॉलिस्टर आलं, यंत्रावर केलेलं कापड आलं. पुढच्याच ऑगस्टात 'हर घर तिरंगा'. घराघरावर झेंडा पोचला, हे मला आवडलं. गच्चीवर, रिक्षावर, फवारणी पंपाच्या नळीला बांधलेला. खादीचा परवडला नसता, आणि परवडला असता तरी एवढे झेंडे नऊ मापांच्या खादीत कधी पुरले नसते. हिशेब चोख आहे. फक्त कापसाच्या मुलखात उभं राहून तो मांडताना जीभ अडखळते. पॉलिस्टरचा झेंडा वाऱ्यावर कडकड वाजतो, उन्हात चमकतो आणि पावसानं भिजत नाही. खादीचा भिजला की जड होतो, दांड्याला बिलगतो, उतरवून वाळवावा लागतो. त्याची निगा राखावी लागते.

*

टेकडीवरून उतरताना दर्ग्यावरचं हिरवं निशाण मागे राहिलं. खाली गावात देवळाच्या कळसाजवळ भगवी पताका. स्टँडजवळच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्यानं टेबलावर ठेवलेला माझा दगड पाहिला.

"सुपारी घेतली का बाबाची?"

मी म्हटलं, "शास्त्रज्ञ म्हणतात, लाव्हा आहे."

"असंल ना भाऊ," तो म्हणाला. "घरी नेऊन फोडू नका म्हणजे झालं."

रस्त्यापलीकडे एका शाळेच्या पटांगणात झेंडावंदनाची तयारी चालली होती. चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या. खांबाला नवा रंग, कप्पीला तेल. एक शिपाईमामा पायरीवर बसून झेंडा घडी करत होते. दोन मुलं कडा धरून समोर. खादीचा होता, बराच जुना, हिरव्या पट्ट्याचा कोपरा विरलेला. हा यंदाचा नाही, ते म्हणाले, यंदा नवा आणलाय, हा सरावाला. जुन्याचं मग काय करणार, मी विचारलं. फाटला की जाळायचा, ते म्हणाले, एकांतात, सबंधच्या सबंध, फेकायचा नाही, फडकं करायचं नाही, नियमात आहे. पण तीन वर्षं झाली, काडी लावायला हात उठत नाही.

मग त्यांनी घडी घातली. आधी हिरवा मागे, मग केशरी त्याच्यावर, चक्र मधोमध वर. गुंडाळलं, मूठभर झेंडूच्या पाकळ्या आत, वरून दोरीचा एक वेढा आणि सुरगाठ. मी गाठीकडे टक लावून बघत होतो. त्यांनी विचारलं, काय बघता? मी सहावीतली हकीकत सांगितली. ते मोठ्यानं हसले. मग गाठ सोडली, सगळं उलगडलं, आणि केशरी कडेच्या दोरीला बांधलेली लहानशी लाल चिंधी दाखवली.

"ही चिंधी वर," ते म्हणाले, "मग अंधारात बांधला तरी चुकत नाही."